सगळ्यांत मागचे बोंद्रेकाका

बोंद्रेकाकांबरोबर बस पकडायची म्हणजे डोक्याला ताप होता. कार्डिफमध्ये मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत लॉजर म्हणून राहत होते. सकाळी मला ऑफिसला आणि त्यांना हॉस्पिटलला एकाच बसने जायचं असायचं. स्टॉपवर आम्ही सगळ्यांच्या आधी हजर. बस आली की काका एक पाऊल मागे सरकायचे आणि हात पुढे करायचे. काठीवाल्या आजीबाई, व्हा पुढं. प्रॅमवाली आई, व्हा पुढं. कानात वायरी कोंबलेला कॉलेजकुमार, तोसुद्धा व्हा पुढं! एकदा तर ड्रायव्हरला वाटलं, हे गृहस्थ नुसते लोकांना चढवून द्यायला आलेत. त्याने दार लावून घेतलं. मी आत, आणि काका भर पावसात फुटपाथवर उभे राहून मला टाटा करतायत. संध्याकाळी मी तोंड सोडलं तर म्हणाले, “अगं मेधा, मागनं दुसरी आली की. खिडकी मिळाली मला.”

खिडकी म्हणे, कपाळ!

डॉक्टर मनोहर बोंद्रे. मूळचे गडहिंग्लजकडचे, मिरजेला शिकले आणि तरुणपणीच तिकडे गेले. मी भेटले तेव्हा साठी उलटली होती. उंच, किंचित वाकलेले, कायम एक राखाडी कार्डिगन, आणि चेहऱ्यावर असा थकवा की झोपून उठले तरी तो तसाच. मी पुण्याहून एका सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर सहा महिन्यांसाठी म्हणून गेले होते आणि तीन वर्षं अडकले. दोन हजार सालानंतरची ती वर्षं मला आता बहुतेक ओली छत्री आणि अंधारलेली दुपार अशीच आठवतात. त्यात ह्या दोघांचं स्वयंपाकघर तेवढं उबदार होतं.

उबदार, पण तिथे जेवायला बसणं सोपं नव्हतं. काकांचं म्हणणं, सगळ्यांचं झाल्यावर मी बसणार. शैलाकाकूंचंही तेच. त्यांच्या आईने, आजीने तेच केलेलं. मग मी एकटी ताटावर, आणि दोन्ही बाजूंना दोन म्हातारी माणसं उभी. “तू बस शैला, मी पोळ्या करतो.” “अहो, तुमच्या पोळ्या कोण खाणार? बसा तुम्ही.” “आधी तू.” “मी बसले की तुम्ही भात संपवून टाकाल, मला ठाऊक आहे.” पोळ्या गार व्हायच्या, आमटीवर साय धरायची. शेवटी काकू दोन्ही ताटं एकदम टेबलावर आपटायच्या आणि दोघं एकाच क्षणी खाली बसायची. रोज! एवढं प्रेमाचं भांडण मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही, आणि एवढं गार अन्नही खाल्लं नाही.

काका भूलतज्ज्ञ होते. स्टाफ ग्रेड, म्हणजे कन्सल्टंट ह्या सगळ्यांत वरच्या हुद्द्याच्या एक पायरी खाली. त्या देशात आपल्याकडच्या कितीतरी डॉक्टरांची अख्खी नोकरी त्या एका पायरीवर उभं राहण्यात गेली. काकांनी शिकवलेली पोरं कन्सल्टंट झाली. त्यांतल्या एकाची पार्टी होती तेव्हा मी काका-काकूंबरोबर गेले होते. भाषण काकांनीच केलं, आणि इतकं मनापासून केलं की त्या मुलाच्या आईने त्यांचे हात धरले. परतताना गाडीत मी फणकारले, “काका, तुम्ही कधी अर्जच का नाही केला?” तर म्हणाले, “केला होता की, दोनदा. दुसऱ्या खेपेला आमच्यातलाच एक जण होता. त्याची पोरं लहान होती. म्हटलं, होऊ दे त्याचं.” काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी एवढंच म्हटलं, “आमची पोरं काय, कबुतरं होती वाटतं?”

आपल्या कामाचा मात्र त्यांना अभिमान होता, तोही त्यांच्या पद्धतीचा. भूल देताना ते पेशंटला आकडे मोजायला लावत नसत. विचारायचे, “तुमच्या बागेत सध्या काय लावलंय?” वेल्समध्ये प्रत्येकाला बाग. माणूस सांगायला लागायचा, गुलाब आहे, वाटाणा आहे, टोमॅटो... “टोमॅटोच्या पुढं आजवर कुणी गेलं नाही,” काका हसत सांगायचे. “आणि उठल्यावर माझं तोंड कुणालाच आठवत नाही. सर्जनला चॉकलेटचा डबा, मला काही नाही. तेच बरं. ज्याला भूल देणारा आठवला, त्याचं काहीतरी बिघडलं समज.”

आणि ह्याच माणसाच्या हृदयाची झडप खराब झाली. महाधमनीच्या तोंडाशी असते ती. हळूहळू कडक होत गेलेली. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. तारीख मिळाली. तारीख टळली. काका म्हणाले, “पुढं ढकललीय त्यांनी.” दुसरी तारीख मिळाली, तीही टळली. मग एके दिवशी काकूंनी स्वतः त्या विभागात फोन लावला, चांगलं खडसवायला म्हणून. पलीकडची बाई गोंधळली. म्हणाली, डॉक्टर बोंद्र्यांनीच दोन्ही वेळा कळवलं होतं, मला घाई नाही, माझी जागा जास्त गरज असलेल्या कुणाला तरी द्या.

मी ऑफिसातून आले तर काकू ओट्याशी टेकून उभ्या. गॅसवर काहीच नाही. “बस नव्हे गं ही,” त्या म्हणाल्या. “ही काय बस आहे का?” आणि रडल्या. नवऱ्याला समोरून बोलून उपयोग नव्हता. विषय काढला की ते हसायचे, “बघू की, बघू की,” म्हणायचे आणि भांडी घासायला घ्यायचे. “तुझं ऐकतात ते,” काकू मला म्हणाल्या. “तू भांडतेस त्यांच्याशी. सहलीला जातोय ना आपण, तिथे जरा धर त्यांना.”

सहल आमच्या कार्डिफच्या मराठी मंडळाची होती. लेक डिस्ट्रिक्ट सगळ्यांचं झालं होतं, स्नोडन झालं होतं. काकांनीच नाव सुचवलं, स्कॉटलंडच्याही वरची शेटलंड बेटं. त्यातही सगळ्यांत वरचं बेट, अन्स्ट. तिथल्या कड्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात एक खडक, त्यावर दीपगृह, आणि तिथे ब्रिटन संपतं. तरुणपणी काका त्या बाजूला एक अख्खा हिवाळा बदली डॉक्टर म्हणून राहिले होते. तिकडे जायला कुणी तयार नसायचं, म्हणून ते गेले. “तीन महिने होतो, आणि उजेडात काही बघितलं नाही,” ते म्हणायचे. “कामावर जाताना काळोख, येताना काळोख. एकदा उन्हाळ्यात बघायचंय, कुठं होतो मी ते.” स्वतःसाठी म्हणून त्यांनी मागितलेली मला माहीत असलेली ही एकमेव गोष्ट. तिला नाही कोण म्हणणार? काकूंनाही म्हणवलं नाही.

रेल्वे, रात्रभराची बोट, मग आणखी दोन छोट्या बोटी. पोचेपर्यंत पोराबाळांसकट आमच्या दहा-बारा जणांचा पार भुगा झाला होता. गाईड म्हणून एक बाई आली, इंगा. पन्नाशीची, दणकट, वाऱ्याने लाल झालेले गाल, आणि बोलणं अगदी मोजकं. निघण्याआधी तिने सगळ्यांना गोल उभं केलं आणि विचारलं, “कुणाला काही आजार? गुडघे, दमा, हृदय? मला आत्ता सांगा. वर गेल्यावर तिथे फक्त पक्षी आहेत.”

मी काकांकडे बघितलं. काकूंनी बघितलं. काका हसून म्हणाले, “नथिंग. जस्ट ओल्ड एज.” काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आणि मी? मीही गप्प बसले. भांडायला मी घरात वाघ.

वाट म्हणजे दलदलीवर टाकलेल्या फळ्या. एका वेळी एकच माणूस मावेल एवढी रुंदी, आणि दोन्ही बाजूंना काळा, मऊ, पाणी प्यालेला पीटचा, म्हणजे कुजलेल्या गवता-शेवाळाचा चिखल. उजेड मात्र खूप, नको इतका. वाराही तसाच. वर तपकिरी रंगाचे मोठे दांडगट पक्षी घिरट्या घालत होते. इंगा त्यांना बॉन्क्सी म्हणायची. त्यांच्या घरट्यांजवळून गेलं की ते सरळ डोक्यावर झेपावायचे. तिने आम्हाला काठ्या डोक्याच्या वर उभ्या धरायला सांगितल्या, म्हणजे पक्षी काठीच्या टोकाला मारतो आणि टाळकं वाचतं. आमचे पाटणकर काठी धरेनात, कारण त्यांच्या दोन्ही हातांत कॅमेरा. पाटणकर म्हणजे मंडळाचे फोटोग्राफर. त्या दीपगृहाच्या एका फोटोसाठी त्यांनी वर्षभर बायकोचं डोकं खाल्लं होतं. ते सगळ्यांत पुढे. काका सगळ्यांत मागे.

“व्हा पुढं, व्हा पुढं. मी आहेच मागं. कुणी राहिलं तर बघायला नको का?”

आम्ही थांबायचो, पाणी प्यायचो, फोटो काढायचो. तेवढ्यात काका मागून येऊन पोचायचे, सगळ्यांकडे बघून हसायचे, आणि पाटणकर म्हणायचे, “चला, आले डॉक्टर, निघू या.” की परत चालायला सुरुवात. असं दोन-तीनदा झालं. इंगा बघत होती. मग ती रांगेच्या कडेने, चिखलातून पाय टाकत, सरळ मागे गेली.

“तुम्ही पुढे या,” ती काकांना म्हणाली. “माझ्या मागे, पहिले.”

काकांना वाटलं, चेष्टा करतेय. “नो नो. मी सगळ्यांना अडवून ठेवीन.”

“तेच हवंय मला. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. माझ्याबरोबर असंच चालतात.” मग आमच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली, “तुमच्या लक्षात आलंय का? तुम्ही थांबता, हे येऊन पोचतात, तुम्ही निघता. सकाळपासून ह्यांना एकदाही विसावा मिळालेला नाही.”

पाटणकर कॅमेऱ्याची काच पुसत बसले.

त्यानंतर मी जे बघितलं त्याला हसावं की रडावं कळेना. काका रांगेत पहिले! आयुष्यात बहुधा प्रथमच. चार पावलं टाकायचे आणि मागे वळायचे. “सॉरी हं पाटणकर.” आणखी चार पावलं. “वहिनी, कंटाळलात ना?” कुणी खोकलं तरी त्यांना वाटे, आपल्यालाच घाई करतायत. मान शरमेने खाली. इंगा शांतपणे त्यांच्या चालीने चालत होती, आणि आम्ही सगळे लग्नाच्या वरातीसारखे मागून.

मग चढ लागला. समोर एक टेकाड, त्याच्या पलीकडे कडा, कड्यापलीकडे दीपगृह. काका थांबले. एक हात छातीशी नेला, लगेच खाली घेतला. मागे वळून पाटणकरांना म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं, मी आलोच,” आणि त्यांना जागा करून द्यायला सवयीने एक पाऊल बाजूला टाकलं.

बाजूला फळी नव्हती.

गुडघ्याच्या वरपर्यंत काका चिखलात. एक पाय आत, एक पाय फळीवर, आणि तशा अवस्थेतही हात पुढे केलेला, “व्हा, व्हा पुढं.” एखादं पोर फिस्सकन हसलं. इंगाने आणि पाटणकरांनी काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं. बूट आतच राहिला, तो इंगाने कोपरापर्यंत हात घालून काढला. तोवर काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळसर, आणि श्वास असा की बोलणं शक्य नाही. इंगाने त्यांच्याकडे नीट बघितलं. “तुम्हाला काही त्रास आहे का?” तिने पुन्हा विचारलं. काकांनी मान हलवली. नाही. आणि बूट घालून ते चढाच्या दिशेने खरोखर निघाले की! लोकांचा खोळंबा नको म्हणून हा माणूस मरायला निघाला होता.

तेवढ्यात काकू बसल्या. फळीवरच, ओल्या फळीवर, मांडी घालून. “माझे पाय गेले,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “मी एक पाऊल पुढे टाकणार नाही. माझ्याच्याने होत नाही.”

काकू रोज घराजवळच्या तलावाला चक्कर मारून यायच्या. वाटेत कुठेही त्यांना धाप लागली नव्हती.

“शैला, उठ,” काका दम खात खात म्हणाले. “लोक आलेत एवढ्या लांब. तुझ्यामुळं सगळ्यांना... बरं दिसतं का हे?”

“नाही दिसत. म्हणा मला काय म्हणायचं ते. मी म्हातारी, मी आळशी. सांगा सगळ्यांना, माझी बायको अडवून बसली.”

काका काकूंकडे बघत राहिले. पाटणकरांनी कॅमेरा गळ्यातून काढून पिशवीत ठेवला. मग काका इंगाकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “हिला काही झालेलं नाही. मला झालंय. माझी झडप गेलीय. सकाळी मी खोटं बोललो.”

“बरं,” इंगा म्हणाली. “मग आज आपण इथपर्यंत.” ती रागावली नाही, लेक्चर दिलं नाही. ती एकटीच गाईड होती आणि रांग तोडायची नाही हा तिचा नियम. म्हणजे दीपगृह कुणालाच नाही. काकांना ते कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “पाटणकर, तुमचा फोटो...” पाटणकर, जे वेटरने चहा गार आणला तरी मॅनेजरला बोलावतात, ते म्हणाले, “डॉक्टर, खडक आहे तो. कुठे पळून जातोय? मला भूक लागलीय.” आणि त्यांनी डबा उघडला.

काका काकूंच्या शेजारी बसले. मी दोन फुटांवर होते, ऐकू नये म्हटलं तरी ऐकू येत होतं. “घाबरतो गं मी,” ते म्हणाले. “रोज झोपवतो लोकांना. सगळेच उठत नाहीत, ते मी बघितलंय. तू कधी बघितलं नाहीस.”

“मग मला सांगायचं. बाकीच्यांना जागा कशाला वाटत सुटलात?”

“ते सोपं होतं.”

“आता पुढची तारीख येईल ती?”

काकांनी चिखलाने भरलेला पायमोजा पिळला. “घेतो,” ते म्हणाले. “घेतो मी.”

पानगळीच्या सुमाराला तारीख आली. माझी बदली तोवर लंडनजवळ मेडनहेडला झाली होती. रोज सकाळी ट्रेनमध्ये उभी राहून मी काकूंना फोन करायचे. ह्या खेपेला काकांनी कुणालाही जागा दिली नाही. ऑपरेशन झालं, झडप छान बसली, सर्जन खूश. पण मूत्रपिंडांनी साथ सोडली, मग फुफ्फुसांनी. आठवडाभराने काका गेले. शुद्धीवर आले ते एकदाच, थोडा वेळ.

खूप दिवसांनी मी काकूंना विचारलं, आपण उगाच मागे लागलो का? त्या म्हणाल्या, “डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी, पहिल्या तारखेलाच केलं असतं तर शरीराला झेपलं असतं. मी हिशोब करत नाही. आमटी गरम खाते आता. गरम चांगली लागत नाही गं.” मी ट्रेनच्या दाराशी उभी राहून मोठ्याने रडले. त्या देशात कुणी विचारत नाही, ते एक बरं.

हॉस्पिटलमधले काका मी बघितले नाहीत. मला शेवटचे दिसतात ते त्या टेकाडाच्या अलीकडे, जेवणानंतर. एका सुक्या खळग्यात हेदरच्या झुडपांवर ते सहज म्हणून कलंडले आणि बघता बघता झोपी गेले. तोंड उघडं, एका पायात बूट, दुसरा पाय काकूंच्या शालीत गुंडाळलेला. पाटणकरांनी आपलं जाकीट घडी करून त्यांच्या मानेखाली सरकवलं. इंगा वाऱ्याच्या बाजूला जाऊन बसली, त्यांना आडोसा होईल अशी. मुलं हळू बोलायला लागली, मग बोलायचीच थांबली. परतीची बोट होती, सगळ्यांना माहीत होतं. कुणी घड्याळ बघितलं नाही. वर पक्षी ओरडत होते, आणि आम्ही सगळी माणसं थंडीत कुडकुडत, त्या एका म्हाताऱ्या माणसाची झोप व्हायची वाट बघत बसलो होतो.

कधीतरी ते दचकून जागे झाले. सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे वळलेले बघून ओशाळले, कोपरावर उठायला लागले. “अगं, उठवायचं नाही का मला? केवढं ताटकळत ठेवलंस लोकांना!”

काकूंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला. “झोपा अजून थोडं,” त्या म्हणाल्या. “कुणाला घाई नाही.”

काकांनी एकदा आमच्याकडे बघितलं, आणि खरंच परत आडवे झाले.